आयसीयूतलं संशोधन आणि आपला पेशंट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जत, आटपाडी, शिराळ्याकडून किंवा सीमेपलीकडच्या अथणी-रायबागकडून रुग्ण फारच खालावला की गावातले डॉक्टर एवढंच म्हणतात, "मिरजेला हलवा." साताऱ्याकडच्या भागात कऱ्हाडचं नाव निघतं. हलवल्यावर पहिल्या काही तासांत बिलाचं, रक्ताचं, औषधांचं बोलणं चालू असतं. त्यातच कुणीतरी कागद घेऊन येतं आणि विचारतं, "एक संशोधन सुरू आहे, तुमचा पेशंट त्यात घेऊ का?" हे पान त्या वेळेसाठी लिहिलं आहे. मी आयसीयूत काम करणारा डॉक्टर आहे, त्यामुळे माझा कल संशोधनाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. वाचताना तेवढं वजा करून वाचा.

आमच्या माणसावर प्रयोग करणार का?

या प्रश्नाला बरेच जण "छे, छे, तसं काही नाही" असं उत्तर देतात. ते खरं नाही. वैद्यकीय चाचणी म्हणजे प्रयोगच. मात्र औषध पहिल्यांदाच माणसाला टोचून बघण्याचा हा प्रकार नव्हे. आयसीयूत होणाऱ्या बहुतेक चाचण्यांत दोन्ही बाजूंचे उपचार आधीपासून वापरात असतात. काही डॉक्टर एक देतात, काही दुसरा, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. कोणता बरा, हे ठरवायला पुरेसे रुग्ण पद्धतशीरपणे मोजलेले नसतात. चाचणी तेवढं करते.

चाचणीबाहेरच्या रुग्णालाही या दोनांपैकी एक उपचार मिळतोच. कोणता, ते त्या रात्री ड्यूटीवर कोण आहे यावर ठरतं. फक्त त्याची कुठे नोंद होत नाही.

सेप्सिस झालाय म्हणतात. म्हणजे रक्तात जंतू गेले का?

कधी कधी गेलेले असतात, कधी नसतात. जंतुसंसर्ग फुप्फुसात, लघवीच्या मार्गात, पोटात किंवा पायाच्या जखमेत कुठेही असू शकतो. त्याला तोंड देताना शरीराचा प्रतिसाद बेताल होतो आणि त्या भरात शरीराचेच अवयव निकामी व्हायला लागतात. मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू, रक्तदाब, एकामागून एक. २०१६ मध्ये ठरलेली आंतरराष्ट्रीय व्याख्या हेच सांगते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

घरच्यांना एक गोष्ट समजायला जड जाते. जंतू मरूनही रुग्ण बरा होत नाही, असं होऊ शकतं. अँटिबायोटिक लागू पडलेलं असतं, पण अवयवांचं झालेलं नुकसान भरून यायला वेळ लागतो, आणि काही वेळा ते भरून येत नाही.

घरी असताना कशावरून ओळखायचं?

तापाच्या आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. श्वास जोरात चाललाय, बोलणं असंबद्ध झालंय, सकाळपासून लघवी झालेली नाही, हातपाय गार पडलेत, अशा वेळी ताप उतरला म्हणून थांबू नका. म्हाताऱ्या माणसांत ताप नसतोही. १०८ला फोन करा. निघताना आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि दिलेल्या गोळ्यांची पाकिटं, रिकामी असली तरी, पिशवीत टाका. "दोन सुया मारल्या होत्या, कसल्या ते माहीत नाही," हे वाक्य आम्हाला फार महागात पडतं. कसं, ते पुढच्या उत्तरात.

कल्चरचं रक्त एवढं का काढलं? आणि रिपोर्टला तीन दिवस का?

मोठ्या माणसाच्या एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त जावं लागतं, आणि शक्यतो दोन वेगवेगळ्या जागांवरून घ्यावं लागतं. कारण रक्तात जंतू असले तरी ते विरळ असतात. कमी रक्त घेतलं तर बाटलीत एकही येणार नाही आणि रिपोर्ट "ग्रोथ नाही" असा येईल. दोन जागांवरून घेतलं की सुई टोचताना कातडीवरचाच जंतू आत आला का, हेही समजतं.

बाटली उबवणाऱ्या यंत्रात ठेवतात. जंतू वाढले की यंत्र इशारा देतं. बहुतेक वेळा तो पहिल्या एक-दोन दिवसांत मिळतो. मग जंतू कोणता, आणि कोणत्या औषधाला तो दबतो, यासाठी आणखी एखादा दिवस. नमुना घेण्याआधीच बाहेर अँटिबायोटिकच्या सुया झाल्या असतील तर जंतू अर्धमेले असतात, बाटलीत वाढत नाहीत, आणि आम्ही अंधारात उपचार करतो. म्हणून त्या रिकाम्या पाकिटांचं एवढं महत्त्व. त्यावरून निदान कुठलं औषध आत गेलंय, ते तरी कळतं.

टीबीचं निदान सीबीनॅट किंवा ट्रूनॅटने काही तासांत होतं, मग सगळंच तसं का नाही, असाही प्रश्न येतो. ती यंत्रं जंतूचा जनुकीय भाग शोधतात, पण जो शोधायला सांगितला तोच. टीबी शोधणाऱ्या यंत्राला न्यूमोनियाचा जंतू दिसत नाही. एकाच नमुन्यात अनेक जंतू शोधणाऱ्या चाचण्या आल्या आहेत. त्यांच्यामुळे उत्तर लवकर मिळतं, ते ठीक. पण त्यामुळे जास्त रुग्ण वाचतात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो संशोधनानेच सुटतो. लवकर आलेला रिपोर्ट रात्रभर कुणी पाहिलाच नाही तर काय उपयोग?

प्रोकॅल्सिटोनिन नावाची महागडी रक्तचाचणी तुमच्या बिलात असेल. सेप्सिसच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात की अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही, हे ठरवायला ती वापरू नका. कधी थांबवायचं, हे ठरवताना मात्र तिची मदत होते. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: दाखल करताना करतात आणि थांबवताना विसरतात.

विडाल पॉझिटिव्ह आली, म्हणजे टायफॉइडच ना?

नाही. एकदाच केलेली विडाल आपल्या भागात फारशी भरवशाची नाही. पूर्वी कधी संसर्ग होऊन गेला असेल किंवा दुसराच ताप असेल तरी ती पॉझिटिव्ह येऊ शकते. टायफॉइडची खात्री रक्ताच्या कल्चरने होते.

डॉक्टरांनी आईचे कपडे बाजूला करून काखा, कंबर, जांघा तपासल्या. कशासाठी?

काळी खपली शोधायला. स्क्रब टायफस नावाचा ताप एका बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून होतो. गवत, झुडपं, शेताचे बांध ही तिची जागा. चावा दुखत नाही, त्यामुळे तो झाल्याचं आठवतही नाही. काही दिवसांनी तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी खपली धरते आणि ताप चढतो. ती नेमकी झाकलेल्या जागी असते: काखेत, छातीखाली, साडीच्या निऱ्या खोचतात तिथे. सर्वांना असतेच असं नाही, पण सापडली तर निदान जवळजवळ पक्कं. संकोचामुळे तपासायची राहिली तर पाच-सहा दिवस भलत्याच औषधात जातात, कारण न्यूमोनियाला आणि लघवीच्या संसर्गाला दिली जाणारी नेहमीची भारी इंजेक्शनं या जंतूवर चालत नाहीत.

या आजारावरचं एक मोठं संशोधन आपल्याच देशात झालं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन ही दोन्ही औषधं स्वस्त आणि जुनी. गंभीर स्क्रब टायफसमध्ये यातलं कोणतं द्यावं, यावर वर्षानुवर्षं वाद होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या पुढाकाराने देशातल्या सात रुग्णालयांनी मिळून तीन गट केले: एकाला डॉक्सिसायक्लिन, दुसऱ्याला अझिथ्रोमायसिन, तिसऱ्याला दोन्ही, शिरेतून सात दिवस. ७९४ रुग्णांचा हिशेब २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू, सातव्या दिवशीही टिकलेली गुंतागुंत किंवा पाचव्या दिवशीही न उतरलेला ताप, यातलं काहीतरी वाट्याला आलेल्यांचं प्रमाण दोन्ही औषधं मिळालेल्या गटात ३३ टक्के होतं. एकेकट्या औषधाच्या गटांत ते ४७ आणि ४८ टक्के निघालं. निव्वळ मृत्यूच्या आकड्यात मात्र गटागटांत स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. हा प्रश्न युरोपातल्या एखाद्या श्रीमंत शहरातून सुटला नसता. तिथे हा आजारच नाही.

बीपी लो आहे आणि तुम्ही सलाईन कमी केली. पैशासाठी का?

सलाईन सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न नाही. पण शंका समजते. आपल्याकडे अशक्तपणा आला की "एक सलाईन लावा" ही मागणी पेशंटच करतो. आणि डॉक्टरांनाही बरीच वर्षं असंच वाटत होतं, की सेप्सिसमध्ये जितकं पाणी लवकर भरू तितकं चांगलं.

२०११ मध्ये या समजाला मोठा धक्का बसला. युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांत तापाने गंभीर झालेल्या आणि रक्ताभिसरण बिघडलेल्या ३,१४१ मुलांवर ‘फीस्ट’ नावाची चाचणी झाली. काही मुलांना शिरेतून भराभर द्रव दिला, काहींना तो एकदम न देता नेहमीच्या गतीने ठेवलं. सगळ्यांची अपेक्षा एकच होती, भराभर दिलेली मुलं जास्त वाचतील. ४८ तासांत भराभर दिलेल्या गटांत साधारण १०.५ टक्के मुलं दगावली, न दिलेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी मध्येच थांबवावी लागली.

पुढे झांबियात मोठ्या माणसांवर तशीच चाचणी झाली. सेप्सिसने बीपी पडलेल्या रुग्णांत ठरावीक पद्धतीने लवकर जास्त द्रव आणि बीपी वाढवणारं औषध दिलेल्या गटात ४८.१ टक्के रुग्ण गेले, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३३ टक्के. तिथे बहुतेक रुग्ण एचआयव्हीबाधित होते आणि व्हेंटिलेटर फार कमी, म्हणून तो आकडा जसाच्या तसा मिरजेला लावता येत नाही. दुसरीकडे अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या तीन मोठ्या चाचण्यांत (२०१४ आणि २०१५) आखीव पद्धतीने केलेल्या उपचारांचा डॉक्टरांच्या नेहमीच्या देखरेखीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, पण तोटाही दिसला नाही. मग आपण कुठे बसतो? आफ्रिकेतल्या वॉर्डासारखे की लंडनच्या आयसीयूसारखे? सांगली जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी तासाभराच्या अंतरावर सापडतात. ग्रामीण रुग्णालयात सलाईन भरभरून दिलेला रुग्ण वाटेत धाप लागून येतो, आणि तोच रुग्ण व्हेंटिलेटरच्या सोयीत कदाचित तेवढं पाणी सोसला असता. आमच्यासारख्या गावांत हा अभ्यास होणं का गरजेचं आहे, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो.

आज प्रचलित पद्धत अशी, की सुरुवातीला वजनाच्या हिशेबात द्रव द्यायचा, प्रतिसाद बघत राहायचं, आणि बीपी सावरत नसेल तर नॉरअॅड्रेनलिन हे बीपी वाढवणारं औषध लवकर सुरू करायचं. मॉनिटरवर रक्तदाबाची सरासरी ६५च्या आसपास ठेवणं हे उद्दिष्ट असतं.

डेंग्यूत पेशी (प्लेटलेट) २० हजारांपर्यंत उतरल्या. पेशी चढवत का नाही?

रक्तस्राव नसेल तर थांबतो. सिंगापूर आणि मलेशियात ३७२ मोठ्या रुग्णांवर, ज्यांच्या पेशी २० हजार किंवा त्याखाली होत्या पण रक्तस्राव नव्हता, चाचणी झाली. २०१७ मध्ये निकाल आला: पेशी चढवल्याने रक्तस्राव टळला नाही, उलट त्रास झालेले रुग्ण त्या गटात जास्त निघाले. डेंग्यूत जीव जातो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी पडल्याने. सगळं घर पेशींच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं आणि त्या वेळात हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्त किती घट्ट झालंय याच्या आकड्याकडे, कुणाचं लक्ष नसतं. पपईच्या पानांच्या रसाबद्दल तुम्ही विचारणारच. आयसीयूतल्या, उलट्या होणाऱ्या माणसाला तो पाजू नका.

सर्वांत भारीतलं अँटिबायोटिक द्या, पैशाचं आम्ही बघतो.

हा प्रश्न नाही, पण रोज ऐकू येतो. बीपी पडलेलं असेल तर पहिल्या तासातच व्यापक, म्हणजे बऱ्याच प्रकारच्या जंतूंवर चालणारं, औषध सुरू होतं, तिथे कुणी काटकसर करत नाही. खरा कस नंतर लागतो. कल्चर आल्यावर ते साधं करणं आणि वेळेवर थांबवणं. तुम्हाला वाटतं उपचार कमी केले, प्रत्यक्षात तो चांगला निर्णय असतो. वरची औषधं सतत वापरून त्यांना न जुमानणारे जंतू त्याच आयसीयूत मुक्काम ठोकतात आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला गाठतात. भारतात या जंतूंवर नजर ठेवायला आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) जाळं २०१३ पासून काम करतं आहे.

किती दिवस द्यायचं, याचंही उत्तर आता आहे. रक्तात जंतू सापडलेल्या ३,६०८ रुग्णांवर सात देशांत झालेल्या ‘बॅलन्स’ चाचणीत ७ दिवसांचा कोर्स १४ दिवसांपेक्षा कमी पडला नाही. नव्वद दिवसांतले मृत्यू १४.५ आणि १६.१ टक्के होते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे रुग्ण त्यात घेतले नव्हते. त्यांना जास्त दिवस लागतात.

पेशंटला पालथं का झोपवलंय?

फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागात हवा पोचावी म्हणून. खूप गंभीर फुप्फुसविकारात रोज सोळा-सोळा तास पालथं ठेवल्याने २८ दिवसांतले मृत्यू ३२.८ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले, असं फ्रान्स आणि स्पेनमधल्या २०१३च्या चाचणीत दिसलं. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. लागतात ते नळ्या सांभाळत माणूस पालथा करणारे चार-पाच जण आणि तयार नर्स.

कोविडमध्ये रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा सगळं दिलं. तेव्हा कुठे होतं तुमचं संशोधन?

होतं, पण ऐकायला कुणी मोकळं नव्हतं. प्लाझ्मावरची चाचणी भारतातच झाली. आयसीएमआरने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: मध्यम आजारी रुग्णांचा आजार बळावण्यापासून किंवा मृत्यूपासून बचाव झाला नाही. तरी २०२१च्या एप्रिलमध्ये सांगली, सातारा, कऱ्हाडचे व्हॉट्सअॅप ग्रुप "ए पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा" अशा मेसेजने भरून वाहत होते. राष्ट्रीय उपचारसूचीतून प्लाझ्मा मे २०२१ मध्ये निघाला. रेमडेसिव्हिरने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा जीव वाचल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत दिसलं नाही, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांना थोडा फायदा दिसला.

काम केलं ते डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने. अगदी स्वस्त औषध, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारं. इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर येतात. त्याच चाचणीने हेही दाखवलं की ऑक्सिजन न लागणाऱ्यांना त्याचा फायदा नाही. निकालाचा हा दुसरा भाग आपल्याकडे कुणी वाचला नाही. घरी बसलेल्या, ऑक्सिजन ९८ असलेल्या, शुगर असलेल्या माणसांना पहिल्याच दिवसापासून स्टिरॉइड सुरू झालं, आणि पुढे काळ्या बुरशीच्या आजाराला त्याने हातभार लावला.

कोणता उपचार मिळणार, ते तुम्ही ठरवणार का?

नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. संगणक चिठ्ठी टाकतो. मला निवड दिली तर मी नकळत जास्त आजारी रुग्णाला मला आवडणारं औषध देईन आणि निकाल बिघडेल. काही चाचण्यांत कुणाला काय दिलं हे मलाही माहीत नसतं. तातडीची गरज पडली तर ते उघड करण्याची सोय ठेवलेली असते.

"चाचणीत घेतलं म्हणजे नवं, चांगलं औषध मिळणार" असं समजून सही करू नका. नवं औषध वाईटही ठरतं. सेप्सिसमध्ये व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाचा काही वर्षं बराच बोलबाला होता. २०२२च्या ‘लोव्हिट’ चाचणीत ते मिळालेल्या गटात मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण ४४.५ टक्के निघालं, न मिळालेल्यांत ३८.५. जीवनसत्त्व आहे, अपाय काय होणार, असंच सगळे म्हणत होते.

पेशंट बेशुद्ध आहे. सही कोणी करायची?

कायद्याने ज्याला त्याच्या वतीने संमती देता येते अशा नातेवाइकाने. गावाकडे काय होतं, ते आम्ही रोज बघतो. बाहेर बाकड्यावर पंधरा माणसं बसलेली असतात. बोलायला थोरले चुलते किंवा एखादे सदस्य-सरपंच पुढे येतात, आणि पेशंटची बायको मागे उभी असते. आजारी माणसाला काय आवडेल, काय चालणार नाही, हे तिलाच ठाऊक असतं. माझं मत विचाराल तर कागद तिच्यासमोर वाचला गेला पाहिजे. चुलत्यांनी सल्ला द्यावा.

सही येत नसेल तर अंगठा चालतो, पण दवाखान्याशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा. कागद मराठीत हवा, कानडी माणसाला कानडीत. संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे, मागून घ्या. काही प्रकारच्या नव्या औषधांच्या चाचण्यांत संमती घेतानाचं चित्रीकरण सक्तीचं आहे, त्यामुळे कॅमेरा दिसला तर दचकू नका. पेशंट शुद्धीवर आल्यावर त्याला पुन्हा विचारलं जातं, आणि तो नाही म्हणाला तर त्याचं ऐकावं लागतं.

ऊसतोडीच्या टोळ्यांतल्या रुग्णांबद्दल एक सांगतो. सोबत बहुधा मुकादम येतो. मुकादम हा नातेवाईक नव्हे. त्याने उचल दिली असेल, गाडीभाडं भरलं असेल, तरी संमतीची सही त्याची चालत नाही. बीडला फोन लावून भाऊ किंवा वडील येईपर्यंत थांबावं लागतं, आणि तेवढ्यात चाचणीत घेण्याची वेळ टळली तर टळू द्यावी.

नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील का? उपचार कमी होतील का?

होऊ नयेत, आणि तसं कुणी सुचवलं तर तिथेच तक्रार करा. आधी हो म्हणून नंतर बाहेरही पडता येतं, कारण न सांगता.

बिलात काय सूट?

चाचणीचं औषध आणि केवळ चाचणीसाठी केलेल्या तपासण्या यांचे पैसे तुमच्याकडून घेतले जात नाहीत. खाट, व्हेंटिलेटर, नेहमीची औषधं यांचं बिल राहतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत रुग्ण बसत असेल तर चाचणीमुळे तो हक्क जात नाही. भरती होतानाच रेशनकार्ड आणि आधार आणून ठेवा, हे मात्र संशोधनापेक्षा जास्त निकडीचं आहे.

काही बरंवाईट झालं तर?

२०१९च्या नवी औषधे आणि वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार चाचणीदरम्यान इजा झाली तर त्यावर मोफत उपचार द्यावे लागतात. ती चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर भरपाईही. मृत्यू किंवा गंभीर घटना घडली की मुख्य संशोधकाने ती २४ तासांत नियामक, प्रायोजक आणि एथिक्स कमिटीला कळवायची असते.

आयसीयूतला गुंता असा, की इथे चाचणीत नसलेली माणसंही दगावतात. मृत्यू आजाराने झाला की औषधाने, हे एका रुग्णावरून सांगणं जवळजवळ अशक्य असतं. ते कळतं दोन गटांची तुलना केल्यावर, आणि ती तुलना चाचणी चालू असतानाच स्वतंत्र तज्ज्ञांची समिती अधूनमधून करत असते. फीस्ट मध्येच थांबली ती अशाच समितीमुळे.

यावर लक्ष कोण ठेवतं? आम्हाला तपासता येईल का?

रुग्णालयाची एथिक्स कमिटी. तिच्यात किमान सात जण असतात. अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा लागतो, आणि सदस्यांत कायद्याचा जाणकार, किमान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावाच लागतो. त्या कमिटीचा फोन नंबर संमतीपत्रावर छापलेला असतो. नसेल, तर सही करू नका.

शिवाय सीटीआरआय या केंद्राच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीत चाचणीचा क्रमांक असतो. ही नोंदणी २००७ मध्ये सुरू झाली आणि औषध नियंत्रकांच्या परवानगीने होणाऱ्या चाचण्यांना १५ जून २००९ पासून सक्तीची झाली. कॉलेजला जाणाऱ्या पोराला तो क्रमांक मोबाइलवरून सीटीआरआयच्या वेबसाइटवर टाकायला सांगा. चाचणी कोण करतंय, पैसे कोणाचे, किती रुग्ण घेणार, सगळं उघड असतं.

हे सगळं पुण्या-मुंबईत करा की. आमच्याकडे कशाला?

महाडसारख्या गावात बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचा अभ्यास केला. त्या काळी कोकणात या दंशाने माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन मरत. रक्तदाबाचं जुनं औषध प्राझोसिन इथे उपयोगी पडतं, हे त्यांनी दाखवलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत फक्त सत्तर रुग्ण होते: निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला प्रतिविष. जोडीवाले लवकर बरे झाले. विंचू मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात चावत नाही. २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर चिखलात उतरून आजारी पडलेला आपल्याकडचा माणूसही तिथे दिसत नाही, आणि खताच्या गोणीमागे फुरसं चावलेली बाईही नाही.

डिस्चार्जनंतर अनोळखी नंबरवरून फोन येईल म्हणाले. कशाला?

अट्ठाविसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी रुग्ण कसा आहे, चालतो का, कामाला लागला का, पुन्हा भरती व्हावं लागलं का, एवढं विचारायला. ओटीपी, आधार, बँकेचा नंबर यातलं काहीही आम्ही विचारत नाही. कुणी विचारलं तर फोन ठेवा. हंगाम संपून टोळी गावी गेली, सिम बदललं, की तो रुग्ण आमच्या हिशेबातून सुटतो. म्हणून दोन नंबर लिहून घेतो, एक घरातला आणि एक शेजारचा किंवा किराणा दुकानाचा. रुग्ण गेला असेल तरी फोन येऊ शकतो, कारण नोंद अर्धी राहिलेली असते. नको असेल तर तसं डिस्चार्जच्या वेळीच सांगा, नंबर यादीतून काढून टाकतात.